एका अधिवेशनात एकदाच

कालव्याची वाट संपून गोदामांची रांग लागली, तरी मामंजींनी पिशवी काही माझ्या हातात दिली नाही. मी मागून मागून थकले.

“द्या की मामंजी, खांदा दुखेल.”

“माझा खांदा आहे. दुखू दे.”

करड्या रंगाची कापडी पिशवी. पट्टे खांद्याला होते, तरी वर हातानं छातीशी धरलेली, जसं काही कुणी हिसकावून पळणार आहे. आत काहीतरी गोल होतं, पंच्यात गुंडाळलेलं. मामंजींचा पाय दगडावर पडला की आतून दबका ठक् असा आवाज यायचा. वस्तू धातूची होती एवढं नक्की. आणि धातूची, गोल, पिशवीत मावेल अशी एकच वस्तू मला आठवत होती. माझ्या लग्नात आईनं दिलेला पितळी डबा. आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तो असायचा. सकाळच्या गडबडीत मी फळीकडे पाहिलंच नव्हतं.

दिलेलं भांडं परत करणं म्हणजे काय, हे कुठल्याही सासुरवाशिणीला फोड करून सांगावं लागत नाही.

मुळात ते बरोबर निघाले तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. रस्ता खणून ठेवल्यामुळे त्या आठवड्यात बस बंद होती. आईकडे जायचं तर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. मी चपला शोधत होते, तर मामंजी दारात तयार. “मीही येतो.” बस, एवढंच. माझे वडील गेले त्या दिवसाखेरीज हा माणूस कधी माझ्या माहेरच्या पायरीवर चढला नव्हता. आणि आता, रविवारी ते सगळं झाल्यावर, व्याहीधर्म आठवल्यासारखे माझ्याबरोबर निघाले. कुठंतरी पाणी मुरत होतं. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि चालत राहिले.

मामंजी म्हणजे माझे सासरे. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं: कायदे करणाऱ्या सभागृहाच्या दारावर उभं राहणं. मतदानाची वेळ आली की घंटा वाजवायची, म्हणजे कँटीनमध्ये, वाचनालयात, आणखी कुठं कुठं सांडलेले सभासद आत येतात. घंटा थांबली की दार लावायचं. एकदा लावलं की निकाल लागेपर्यंत उघडायचं नाही. मंत्री असो नाहीतर मंत्र्याचा बाप. “बाहेर राहिला तो राहिला,” असं मामंजी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा फार समाधानी दिसायचा. निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी त्यांना एक पितळी हातघंटा भेट दिली. गल्लीतले लोक त्यांना घंटेवाले म्हणत. माझे दीर त्यांच्या पाठीमागे अध्यक्षमहाराज म्हणत.

ते उगाच नव्हे. मामंजींनी घरातही तीच रीत लावली होती. दर रविवारी सकाळी ओसरीवर बैठक. ज्याला जे हवं त्यानं ते मांडायचं. चार शब्द बोलायचे, चार शब्द ऐकायचे, मग मामंजी खुंटीवरची घंटा वाजवणार, घरातले सगळे जमणार, हात वर करून मत. मामंजींचंही एकच मत. नव्या नवरीला हे सगळं फार मजेचं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. माहेरी वडील नुसते डोळे वटारायचे आणि प्रश्न संपायचा. इथं निदान हात वर करायला मिळत होता.

पण त्यात एक मेख होती. सभागृहाचा नियम असा, की एका अधिवेशनात एखाद्या प्रश्नाचा निकाल लागला, की त्याच अर्थाचं दुसरं विधेयक त्या अधिवेशनात घ्यायचं नाही. पुन्हा पुन्हा तेच दळण नको म्हणून. मामंजींना हा नियम जिवापाड आवडायचा. आमच्या घरचं अधिवेशन मुलांची शाळा उघडली की सुरू व्हायचं आणि शाळेला मोठी सुट्टी लागली की संपायचं. मध्ये एकदा नाही झालं, की ते नाही वर्षभराचं. माझ्या मुलीनं सायकल मागितली, नाही झालं, तर तिनं पुढच्या रविवारी तीनचाकी मागून पाहिली. मामंजी म्हणाले, “चाक वाढवून सार बदलत नाही, बाळ.”

आता माझ्या आईचं. तिची नजर उतरत चालली होती. एकटीच राहायची. शेजारणीनं माझ्याकडे निरोप पाठवला: तुझ्या आईनं पेटत्या शेगडीवर रिकामं पातेलं ठेवलं आणि झोपून गेली. धूर मला दिसला म्हणून बरं. पुढच्या वेळी मी घरात असेनच असं नाही.

आमच्या घरात मागची खोली रिकामी होती, म्हणजे जुने ट्रंक, पाट आणि उंदीर यांच्या ताब्यात होती. ती साफ करून आईला आणायचं, असं मी ठरवलं. बैठकीत मांडायचे शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अजून सांगितलं नव्हतं, कारण त्यांना आधी सांगितलं की ते आठवडाभर छताकडे बघत राहतात. कपडे पिळताना फक्त धाकट्या जावेला बोलले.

“ताई, मांडा की,” ती म्हणाली. “आई काय कुणाला जड असते का?”

किती गोड बोलली! आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, खूश झाले.

रविवारी बैठक बसली. मी चहा आणायला आत वळले आणि ओसरीवरून भाऊजींचा आवाज आला.

“बाबा, माझं एक मांडायचं आहे. वहिनींच्या आईंना आपल्याकडे आणूया.”

मी चहाचा ट्रे उचलून तशीच उंबऱ्यावर आले. देवासारखा धावून आला माझा दीर, असं वाटलं. पण ते पुढं बोलतच राहिले.

“नुसत्या आईंना कशाला? त्यांचे भाऊ आहेत, ते एकटे कसे राहतील? त्यांनाही आणू. भावाच्या दोन शेळ्या आहेत, त्या अंगणात बांधू. मागची खोली आईंना, मधली त्यांच्या भावाला. बाबा, तुम्ही तेवढे ओसरीवर पथारी टाका. उन्हाळ्यात वारं छान लागतं.”

मुलं हसली. हे हसले. मामंजींनी घंटा वाजवली, “कोण बाजूनं?” विचारलं, आणि एकही हात वर गेला नाही. माझा कुठून जाणार? दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता. आणि मोकळा असता तरी शेळ्यांसाठी मी कोणत्या तोंडानं हात वर केला असता?

“नामंजूर,” मामंजी म्हणाले.

ट्रे खाली ठेवून मी म्हटलं, “मामंजी, माझं वेगळं आहे. फक्त आई. फक्त मागची खोली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या खुंटीकडे. “सूनबाई, सार तेच. आता पुढच्या अधिवेशनात.”

शाळा तर नुकती कुठं उघडली होती.

त्या दिवसापासून मला घरातल्या प्रत्येकाचा संशय यायला लागला. भाऊजी पंखे दुरुस्त करायचे आणि मोडके पंखे ठेवायला त्यांना जागा हवी होती, हे साऱ्या घराला माहीत होतं. धाकटीनं माझं बोलणं त्यांच्या कानात घातलं असणार. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, ते तुमच्याच भल्यासाठी बोलले, त्यांना मेलं नीट मांडता येत नाही.” गोगलगाय नि पोटात पाय! यांना विचारलं तर म्हणाले, “अगं, तो लहानपणापासून असाच बावळट आहे.” बावळट माणूस बरोबर माझ्या आधी, बरोबर माझाच प्रश्न घेऊन उभा राहतो होय? आणि रात्रंदिवस दारावर उभं राहून ज्यांनी असली सोंगं पाहिली, त्या मामंजींना यातलं काहीच कळलं नाही? मला तर वाटायला लागलं, की धाकट्याला पुढं करणारे तेच असतील. नाही म्हणायचा वाईटपणा नको म्हणून आधीच दार लावून टाकलं.

असं सगळं मनात घेऊन मी त्यांच्या मागून चालत होते. देवाला आवडलं नसेल माझं मन त्या दिवशी. पण खरं ते खरं.

गोदामं संपली आणि रेल्वेचं फाटक लागलं. फाटक बंद होतं. मालगाडी यायची होती. मामंजी फाटकाला हात लावून उभे राहिले आणि पलीकडच्या फाटकवाल्याकडे असं पाहायला लागले, जसा एक शिंपी दुसऱ्या शिंप्याचा टाका पाहतो. तेवढ्यात एक माणूस दांडीखालून वाकून पलीकडे पळाला. फाटकवाला बसल्या जागी ओरडला, “अरे, घाई आहे तर घरून लवकर निघायचं!”

“बरोबर बोलला,” मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “सूनबाई, तुला वाटतंय धाकट्याला मी शिकवलं.”

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर सासरे.

“आमच्याकडे एक बाई सभासद होत्या,” ते सांगू लागले. “सरकारी इस्पितळात रोग्याजवळ घरचं एक माणूस राहू द्यावं, एवढंच त्यांचं विधेयक. एक माणूस. त्या वेळी राहू देत नसत. बाईंनी खूप खपून तयार केलं. कितीतरी लोक त्यांना भेटायला यायचे, दारातच रडायचे. आणि बाईंची पाळी यायच्या आधी एका गृहस्थानं तसलंच विधेयक आणलं. कधी तोंड न उघडणारा माणूस! त्याचं म्हणणं काय, तर रोग्याजवळ सगळं घर राहू द्या, हवं तितके दिवस, सरकारच्या खर्चानं जेवून. सगळे हसले. दुपारची वेळ, बाकं अर्धी रिकामी. मी घंटा वाजवायला घेतली.”

“मग?”

“मग काय. घंटा वाजतेय, आणि ज्यानं विधेयक मांडलं तो गृहस्थ बाहेर पडद्याजवळ उभा राहून चहा पितोय. मला वाटलं त्याच्या लक्षात नाही. मी म्हटलं, साहेब, दार लागतंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कप तोंडाला लावला आणि म्हणाला, लागू दे.”

मालगाडी आली. तिच्या आवाजात बोलता येईना. मामंजी डब्यांकडे पाहत उभे होते. मला मात्र रविवारची ओसरी डोळ्यांसमोर दिसायला लागली. घंटा वाजली, सगळे गोळा झाले. सगळे? भाऊजी कुठं होते? स्वतः मांडून झाल्यावर ते उठून अंगणातल्या नळावर गेले होते. सायकल धुवत होते. शीळ घालत होते. स्वतःच्या प्रश्नाला त्यांचा स्वतःचाही हात नव्हता.

गाडी गेल्यावर मी विचारलं, “आणि त्या बाईंचं विधेयक?”

“पुढच्या आठवड्यात आलं. अध्यक्ष उठले, म्हणाले, याच अर्थाच्या प्रश्नाचा या अधिवेशनात निकाल लागलेला आहे, घेता येत नाही. बाई म्हणाल्या, माझं एक माणूस आहे, त्यांचं अख्खं गाव होतं. अध्यक्ष म्हणाले, सार तेच.” मामंजींनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “बाहेर पडताना बाई माझ्याजवळ थांबल्या. विचारलं, तुम्ही त्या दिवशी दारावर होतात ना? मी म्हटलं, होय बाई. त्या म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम चोख केलंत.”

“टोमणा मारला?”

“तेच तर मला कळलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून कळलं नाही.”

फाटक उघडलं. आम्ही रूळ ओलांडले. त्यांच्या संशयी स्वभावाबद्दल घरात आम्ही पुष्कळ हसायचो. कुणी आपणहून गोड बोललं की मामंजी आधी त्याच्या हातांकडे बघायचे. दूधवाल्यानं एकदा मापापेक्षा जास्त दूध घातलं, तर ते दूध त्यांनी मांजरीला आधी पाजलं. मला वाटायचं, वयाबरोबर असं होतं माणसाचं. ते तसं नव्हतं, हे रूळ ओलांडताना कळलं. पण म्हणून माझ्या मनातली पाल काही गप्प बसली नाही. सगळं कळत होतं, तर रविवारी का बोलले नाहीत? ‘सार तेच’ कोण म्हणालं होतं? आणि पिशवीत काय आहे?

शेवटी न राहवून मी रस्त्यातच थांबले. “मामंजी, ताकाला जाऊन भांडं मी लपवत नाही. मला सांगा, पिशवीत आईनं दिलेला डबा आहे का? परत करायचा असेल तर मी करते. तिच्या हातात तुम्ही देऊ नका. तिला दिसत नाही, पण हाताला लगेच कळेल.”

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले, पिशवी मांडीवर घेतली आणि पंचा सोडला. आत घंटा होती. खुंटीवरची. तिची जीभ कापडाच्या चिंधीनं बांधून ठेवलेली.

“डबा!” ते म्हणाले. “माझ्या डोक्यातसुद्धा असलं येत नाही, आणि मला म्हणे घरात संशयी म्हणतात.”

मला हसू आलं आणि रडूही. “पण घंटा कशाला आणली?”

“अधिवेशन संपलं म्हणून. सकाळी खुंटीवरून काढली तेव्हाच संपलं. अधिवेशन संपलं की जुना निकाल आडवा येत नाही, नव्यात तोच प्रश्न पुन्हा मांडता येतो. संपवायचं कधी हे अध्यक्षाच्या हातात, आणि घरचा अध्यक्ष मी.” पुन्हा पंचा गुंडाळत ते म्हणाले, “रविवारीच संपवलं असतं, तर त्या शहाण्यानं दुपारच्या आत नवं भरवून त्यात शेळ्यांऐवजी बैलजोडी घालून पुन्हा तेच मांडलं असतं. घरी ठेवून आलो असतो, तर आपण त्या फाटकाशी यायच्या आत त्यानं ती वाजवून बैठक भरवली असती. म्हणून बरोबर घेतली.”

“म्हणजे भाऊजींनी मुद्दाम केलं, असं तुम्हालाही वाटतं?”

“वाटतं. सिद्ध करता येत नाही. तो सायकल धुवत होता एवढंच माझ्याजवळ आहे. सायकल धुणं हा गुन्हा नाही.” ते उठले. “आणि तुझ्या धाकट्या जावेपुढं तोंड उघडण्याआधी जरा इकडंतिकडं बघत जा.”

पुढची वाट उताराची होती. वेल्डिंगची दुकानं, मग शाळेची भिंत, मग माझ्या माहेरची गल्ली. मला वाटलं, आता तरी मन हलकं होईल. पण माझं मेलं मन! लगेच दुसरी शंका. आता हे आईसमोर घंटा वाजवून मत घेणार की काय? तिच्या तोंडावर कुणी नाही म्हटलं तर?

गल्लीच्या तोंडाशी मामंजी हळू झाले. दमले असतील म्हणून मीही हळू झाले. ते दमले नव्हते.

“तुझ्या सासूबाईंनी एकदा विचारलं होतं,” ते म्हणाले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी त्यांना फोटोतच पाहिलं होतं. “बहीण आजारी आहे, तिच्याकडे जाऊन राहू का, म्हणून. त्या वेळी मुलांच्या परीक्षा होत्या. आम्ही मत घेतलं, म्हणजे मी आणि दोन पोरं. पोरांना आई घरात हवी होती. नामंजूर. ती म्हणाली, बरं. चहा घेणार का, विचारलं.”

“मग?”

“परत विचारलं नाही तिनं. नियम पाळला. सुट्टी लागायच्या आत बहीण गेली.” ते भिंतीला हात लावून उभे राहिले. “पुष्कळ दिवस मी तिलाच दोष देत होतो, सूनबाई. म्हणायचो, हिनं परत विचारायला नको होतं का? एवढं होतं तर परत विचारायचं. नियम मीच केला आणि मोडला नाही म्हणून रागही तिचाच केला.”

मी पदर सारखा केला. समोरच आईचं दार होतं, नेहमीसारखं अर्धवट उघडं, आणि आत तिचं काहीतरी चाचपडणं ऐकू येत होतं. भांडं सरकलं. झाकण पडलं. तिनं स्वतःशीच काहीतरी म्हटलं.

“एक सांग,” मामंजी हळूच म्हणाले. “आपण सगळे तिच्यावर मतं देतोय. मी, धाकटा, तू. तिला कुणी विचारलं आहे का, येतेस का म्हणून?”

मी मान हलवली. नव्हतं विचारलं. खोली झाडायची कशी, ट्रंक कुठं हलवायचे, इथपर्यंत सगळं माझं ठरलं होतं.

ते पायरीवर बसले. पिशवी खाली ठेवली, चपला काढून बाजूला नीट लावल्या. इतकी वर्षं ज्या माणसाचा मला धाक होता, तो माझ्या आईच्या पायरीवर अंग चोरून बसला होता.

“मी आत येत नाही. मी आलो तर ती माझ्या मानासाठी हो म्हणेल नाहीतर माझ्या भीतीनं नाही म्हणेल. तू एकटी जा आणि विचार. माझं एवढं ऐक. ती पहिल्यांदा नाहीच म्हणेल. मला काय धाड भरलीय म्हणेल, लेकीच्या घरी कशी राहू म्हणेल. ते नाही धरायचं नाही. परत विचार. मग परत विचार. कितीही वेळा. आणि सूनबाई, विचारताना दार लोटू नकोस. मला ऐकू येऊ दे.”